गोंदावे, पण कोणते?

गोंदणाला टॅटू म्हटले की त्याची प्रतिष्ठा वाढते, हे मला आमच्या कॉलेजातल्या मुलामुलींकडे पाहून कळले. एके काळी जत्रेत झाडाखाली बसून करून घ्यायची गोष्ट आता गार हवेच्या दुकानात, आधी वेळ ठरवून होते. मी मराठी शिकवते. त्यामुळे वर्गात हात वर झाला की उत्तराआधी माझी नजर त्या हातावरच्या अक्षरांकडे जाते. एका दंडावर 'आई'तली ई ऱ्हस्व होती. वहीत असती तर लाल शाईने दुरुस्त केली असती. दंडावर काय करणार?

गेल्या वर्षी आमच्या मुलीला अठरा पूर्ण झाली आणि प्रश्न घरातच आला. "टॅटू काढू का?" असे न विचारता "कोणता काढू?" असे तिने विचारले, त्यामुळे नकाराला जागाच उरली नाही. तिच्या वडिलांनी वर्तमानपत्र जरा वर धरले. मग आम्ही मायलेकींनीच या शास्त्राचा अभ्यास केला.

टॅटू हा शब्द पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचा. कॅप्टन कुकचे जहाज १७६९ साली ताहितीला पोहोचले, त्यानंतर तो इंग्रजीत आला. कला मात्र पुष्कळच जुनी. आल्प्स पर्वताच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या अंगावर ६१ खुणा मोजल्या आहेत. सगळ्या नुसत्या रेघा आणि फुल्या. विजेचे यंत्र त्या मानाने कालचे. न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायलीने एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून ते बेतले आणि १८९१ साली पेटंट घेतले.

सुई शाई सोडते ती त्वचेच्या आतल्या थरात. वरचा थर सतत झडून नवा होतो, आतला राहतो. तिथल्या भक्षक पेशी शाईचे कण गिळून बसतात. त्या मेल्या की नव्या पेशी तेच कण पुन्हा गिळतात, असे फ्रेंच शास्त्रज्ञांनी २०१८ साली उंदरांवर दाखवून दिले. अशा वारसाहक्काने गोंदण टिकते खरे, पण वर्षे जातात तशी शाई किंचित पसरते आणि रेघ जाड होते. नमुना निवडताना पहिल्या दिवशीच्या फोटोपेक्षा हे ध्यानात ठेवावे.

हल्ली मुलींना केसासारख्या बारीक रेघांचे वेड आहे. दिसतात नाजूक, पण बोटभर जागेत पुष्कळ रेघा कोंबल्या तर पुढे त्या एकमेकींत मिसळतात. जलरंगांसारखी एक शैली आहे, तिच्यात बाह्यरेषाच नसते आणि फिकट रंग लवकर उडतात. हुबेहूब चेहरा काढणे सर्वांत अवघड. वडील काढायला जावे आणि शेजारचे काका निघावेत! मला विचाराल तर जुन्या खलाशांची शैली शहाणी: जाड काळी रेघ, मोजके ठसठशीत रंग, नांगर किंवा गुलाब. होनोलुलूचा 'सेलर जेरी' हा या शैलीचा नामांकित कारागीर. जपानी पद्धतीत पाठभर ड्रॅगन, मासे, लाटा असतात. तिला पुष्कळ बैठका आणि त्याहून पुष्कळ पैसे लागतात. त्या देशात १८७२ ते १९४८ गोंदणावर बंदी होती, आणि अजूनही कित्येक सार्वजनिक स्नानगृहांत गोंदलेल्यांना मज्जाव आहे. आपले ठिपक्यांचे गोंदण या सगळ्यांत साधे. ठिपके सुटे असतात. थोडे पसरले तरी आकृती हरवत नाही.

अक्षरेच हवी असतील तर मोठी घ्यावीत. 'ई', 'श्र', 'क्ष' यांच्या पोटात जागा थोडी; बारीक काढली तर पोटे भरून जातात. आणि आधी कागदावर लिहून शुद्धलेखन जाणणाऱ्या माणसाला दाखवावे. माझी फी नाही.

काही नमुने मात्र सुंदर असले तरी आपले नसतात. सामोआत पुरुषाचे कमरेपासून गुडघ्यापर्यंतचे गोंदण अर्धे सोडणे ही लाज समजतात. माओरींच्या चेहऱ्यावरची नक्षी त्यांचे कूळ सांगते. छत्तीसगडातल्या रामनामी मंडळींनी, देवळाचे दार बंद होते म्हणून, रामाचे नाव अंगभर लिहून घेतले. हे पुस्तकातून उचलून आपल्या दंडावर चिकटवणे मला बरे वाटत नाही.

माझी आई आमच्याकडेच असते. तिच्या डाव्या हातावर कोपराखाली तुळस आहे, तुळशीखाली विंचू आणि मनगटाजवळ तिचे माहेरचे नाव. नऊ वर्षांची असताना गोंदणारी दारात आली. दोघी जणींनी तिचा हात धरून ठेवला होता. तिला कोणी विचारले नव्हते. लग्नात नाव बदलले. रेशनकार्डावर, बँकेत, माझ्या दाखल्यावर सासरचे नाव. माहेरच्या नावाने हाक मारणारे एकेक करून गेले. शहरात आल्यावर "गावंढळ दिसतं" असे कोणी तरी म्हटले, म्हणून पुष्कळ वर्षे ती लांब बाह्यांची पोलकी घालत असे. ते नाव लिहिलेले असे आता त्या हातावरच उरले आहे.

व्यवहाराचे दोन शब्द. सुई नवी, आपल्यासमोर फोडलेल्या पाकिटातली हवी. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे गोंदल्यावर बारा महिने रक्तदान करता येत नाही. सैन्यात जायचे असेल तर गोंदण शरीरावर कुठे चालते याचे नियम आधी वाचावेत. लेसरने पुसता येते, पण बऱ्याच खेपा होतात. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर जाते, हिरवी-पिवळी दाद देत नाही.

सगळे नमुने पाहून झाल्यावर मुलगी आजीजवळ जाऊन बसली. "आजी, मला अगदी तुझ्यासारखंच काढायचंय. नावासकट."

आईने बाही वर केली, बराच वेळ हाताकडे पाहिले. "तुळस घे. विंचू पण घे हवा तर. नाव राहू दे, ते माझं आहे."

मुलीने कागद ठेवून तुळस उतरवून घेतली. बाही खाली घेता घेता आई म्हणाली, "आणि हात कुणी धरायचा नाही हं पोरी. नको वाटलं तर उठून यायचं."