नाकाला न कळणारे वायू

अशोका गार्डनच्या वस्तीतून मोरीवाटे आणि न्हाणीघरातून जे पाणी रोज खाली उतरते, ते पुढे कोठे जाते याची चौकशी घरात सहसा कोणी करीत नाही. भोपाळच्या पूर्व भागाचे पाणी पात्रा नाल्याकडे वळते. १७९४ साली बांधलेल्या छोट्या तलावापासून निघालेला हा प्रवाह इस्लामनगरजवळ हलाली नदीस मिळतो आणि हलाली पुढे बेतवेस मिळते. या मैलापाण्याचे शुद्धीकरण करणारे शहरातील एक केंद्र मी जवळून पाहिले.

चाळणी आणि वाळूचे कुंड ओलांडून आलेले पाणी एका खोल टाकीत शिरते, आणि त्याच टाकीत आळीपाळीने हवा देणे, हवा थांबविणे, गाळ तळाशी बसू देणे व वरचे निवळ पाणी काढून घेणे ही कर्मे घडतात. ब्लोअर सुरू झाले की तळाच्या सच्छिद्र तबकड्यांतून बारीक बुडबुडे उठतात, पिंगट पाण्यावर फेस धरतो आणि सूक्ष्म जंतू मैल्यातील सेंद्रिय द्रव्य फस्त करू लागतात. देखरेखीवरचा कामगार मूळचा मुलताईकडचा, म्हणून मराठी बोलणारा. "साहेब, वास सुटला की लोक तक्रार घेऊन येतात, हवा जास्त गेली तर नुसतं विजेचं बिल येतं," असे तो म्हणाला.

परंतु नाकास झोंबणारा सडका वास मुख्यत्वे हायड्रोजन सल्फाइडचा. पृथ्वीस तापविणारे मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड या टाक्यांवरून निघून जातात, तेव्हा त्यांचा सुगावा कोणासही लागत नाही. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आणि नायट्रस ऑक्साइड सुमारे २७३ पट तापदायक आहे. गाळ साचून कुजला की मिथेन निघते. अमोनियाचे नायट्रेट होताना प्राणवायू अपुरा पडला, अथवा नायट्रेटाचा नत्रवायू होताना जंतूंना सेंद्रिय आहार कमी पडला, की नायट्रस ऑक्साइड निघते. उलट हवा बेसुमार सोडावी, तर केंद्राच्या विजेचा मोठा हिस्सा ब्लोअरच खातात, आणि आपल्याकडची वीज अद्याप बहुतांशी कोळशाची आहे. म्हणून हवा देण्याच्या काळात लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू राखावा, गाळ वेळेवर हलवावा, आणि जेथे तजवीज होईल तेथे तो बंद पात्रात कुजवून मिथेन इंधन म्हणून जाळावे. यात अपूर्व असे काही नाही. माटुंग्याच्या महारोगी आश्रमात मैल्याचा वायू धरून वापरण्याचा प्रयोग १८९७ च्या सुमारासच झाला होता.

उणीव आहे ती मोजदादीची. केंद्राच्या रोजनाम्यात पाण्याच्या शुद्धतेचे आकडे लिहिले जातात. त्यांच्या शेजारी प्राणवायू, वीज आणि या दोन वायूंचे रकाने आखावेत, आणि ते भरण्याची अट प्रत्येक नगरसंस्थेने कंत्राटातच घालावी.