मेजर सेव्हन्थ कॉर्ड आणि औडव स्वरावली : जॅझमधील उपजेचे एक तत्त्व

प्रस्तावना :

मुंबईच्या उपनगरांत, अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, संगीतशिक्षणाचे दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहताना दिसतात. एकीकडे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांसाठी गायन व हार्मोनियम यांचे वर्ग चालतात, तर दुसरीकडे गिटार व कीबोर्डचे. अनेकदा एकच विद्यार्थी दोन्हीकडे जातो. एका वर्गात तो भूप राग शिकतो आणि दुसऱ्या वर्गात ‘मेजर पेंटॅटॉनिक स्केल’. मात्र हे पाच स्वर एकच आहेत, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. प्रस्तुत लेखात मेजर सेव्हन्थ कॉर्डवर पेंटॅटॉनिक स्वरावलीचा उपयोग जॅझमध्ये कसा होतो, याचे विवेचन रागसंगीताच्या परिभाषेतून करण्याचा प्रयत्न केला आहे.

मुंबईतील पार्श्वभूमी :

जॅझ मुंबईला नवा नाही. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवीत होता. पुढे गोमंतकीय वादकांनी ही कला आत्मसात केली. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट (मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ) यांच्या सहकार्याने सी. रामचंद्र अर्थात रामचंद्र चितळकर यांनी ‘अलबेला’ (१९५१) सारख्या चित्रपटांच्या संगीतात जॅझचा रंग भरला. शंकर-जयकिशन यांच्या १९६८ च्या ‘रागा जॅझ स्टाइल’ या ध्वनिमुद्रिकेत रईस खाँ यांची सतार आणि पाश्चात्त्य वाद्ये एकत्र आली. त्या ध्वनिमुद्रिकेतील मालकंस, कलावती, बैरागी व शिवरंजनी हे राग औडव जातीचे आहेत. परंतु यांपैकी एकाही रागात शुद्ध गंधार व शुद्ध निषाद एकत्र येत नाहीत, आणि मेजर सेव्हन्थ कॉर्डची ओळख तर याच दोन स्वरांनी पटते. म्हणजेच कोणतीही औडव स्वरावली कोणत्याही कॉर्डवर चालते असे नव्हे. निवडीला काही नियम आहे.

कॉर्डची रचना व तीन स्थाने :

मेजर सेव्हन्थ कॉर्ड म्हणजे सा, ग, प, नि या चार शुद्ध स्वरांचा एकत्रित नाद होय. हा नाद चालू असताना शुद्ध मध्यमावर थांबल्यास तो खटकतो, कारण तो गंधाराच्या वर केवळ अर्ध्या स्वराच्या अंतरावर आहे. याच कारणाने तार षड्जावर दीर्घकाळ थांबणेही कॉर्डमधील निषादाशी विसंगत ठरते. भूपाच्या स्वरांमध्ये मात्र कोठेही अर्धस्वराचे अंतर नाही. म्हणूनच जॅझ वादकास तो संच सोयीचा वाटतो.

षड्ज-पंचम भावाने सा, प, रे, ध, ग, नि, तीव्र म अशी साखळी तयार होते. तिच्यातील लागोपाठच्या कोणत्याही पाच स्वरांतून भूपाचीच रचना मिळते. पहिला संच षड्जावरील भूप : सा रे ग प ध. हा सुरक्षित आहे, परंतु त्यात निषाद नसल्याने कॉर्डचा खास रंग उमटत नाही. दुसरा संच पंचमाला षड्ज मानून केलेला भूप : प ध नि रे ग. येथे षड्ज जाऊन निषाद आला. तिसरा संच ऋषभाला षड्ज मानून केलेला भूप : रे ग तीव्र म ध नि. येथे पंचम जाऊन तीव्र मध्यम आला, व नादास अधिक उजळ, तरंगती छटा लाभली. रे, ग आणि ध हे तिन्ही संचांत समान राहतात.

साखळीत आणखी पुढे गेल्यास कोमल ऋषभ येऊन मूळ षड्जाशी संघर्ष होतो. उलट दिशेने गेल्यास मध्यमावरील भूप, म्हणजे दुर्गेचे स्वर, मिळतात. त्यात गंधार नाही आणि खटकणारा शुद्ध मध्यम आहे. म्हणूनच उपयुक्त स्थाने तीनच ठरतात. जॉन कोल्ट्रेन यांनी १९५९ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या ‘जायंट स्टेप्स’ मध्ये सा रे ग प ही चार स्वरांची आकृती वेगाने बदलणाऱ्या कॉर्डवर वारंवार योजली आहे. ती पहिल्या स्थानाचेच उदाहरण होय.

हंसध्वनीचे स्थान :

सा रे ग प नि हे हंसध्वनीचे स्वर म्हणजे मेजर सेव्हन्थ कॉर्ड व ऋषभ. कर्नाटक संगीतातील हा राग हिंदुस्थानी पद्धतीत रुजविण्याचे श्रेय भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ यांना दिले जाते. मुंबईतील अध्यापकास याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही.

राग व स्वरावली यांतील भेद :

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. भूप आणि देशकार यांचे स्वर समान असूनही वादी, चलन व न्यास यांमुळे ते भिन्न राग ठरतात. जॅझमधील पेंटॅटॉनिकला असे बंधन नाही. रागात षड्ज वर्ज्य करता येत नाही. वरील दुसऱ्या व तिसऱ्या संचांत मात्र तो नाही. तो बास वाद्याच्या स्वरात असतो. शिवाय नैसर्गिक शुद्ध गंधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर असतो, तर कीबोर्डवरील गंधार ४०० सेंटवर असतो. तानपुऱ्यावर तयार झालेल्या गळ्यास हा फरक जाणवतो. म्हणून ‘जॅझमध्ये भूप वाजविला’ असे म्हणण्यापेक्षा ‘भूपाचे स्वर योजले’ असे म्हणणे अधिक शास्त्रशुद्ध होय.

समारोप :

हे तत्त्व वर्गात पडताळण्यासाठी एक हार्मोनियम पुरेशी आहे. सा, ग, प, नि या चार पट्ट्या दाबून ठेवाव्यात आणि विद्यार्थ्याकडून भूप प्रथम षड्जावरून, नंतर पंचमावरून व शेवटी ऋषभावरून गाऊन घ्यावा. प्रत्येक वेळी एकच स्वर बदलतो, पण छटा पालटते, हे त्यास कानाने उमगते. आपल्याकडील मूर्च्छना व षड्ज-चालन या संकल्पना जाणणाऱ्या विद्यार्थ्यास जॅझचे हे तंत्र परके वाटण्याचे कारण नाही. मात्र दोन परंपरांतील साम्य दाखविताना त्यांतील भेद पुसला जाणार नाही, याची जबाबदारी अध्यापकावरच राहते.