पट्टी नव्हे, आकडा पाहा

शेअर बाजाराच्या आलेखात कडेला आडव्या पट्ट्या दिसतात. कोणत्या भावाला किती शेअर्सची उलाढाल झाली, हे त्या दाखवतात. याला ‘व्हॉल्यूम प्रोफाइल’ म्हणतात. ‘डेल्टा’ म्हणजे समोरचा भाव स्वीकारून झालेल्या खरेदीतून तशाच विक्रीची वजाबाकी.

नकाशा वाचताना आपण आधी त्याचे प्रमाण पाहतो. इथेही तेच करावे, असे मी सांगेन. अनेक सॉफ्टवेअर पडद्यावर दिसणाऱ्या सर्वांत मोठ्या आकड्याला पूर्ण रुंदी देतात. समजा, एका भावाला १०,००० शेअर्सची उलाढाल झाली आणि दुसऱ्याला ५,०००. दुसरी पट्टी निम्मी दिसेल. आलेख सरकवला आणि पहिला भाव पडद्याबाहेर गेला, की तीच पट्टी पूर्ण लांबीची होते. बाजारात मात्र काहीच घडलेले नसते! डेल्टाचे माप वेगळे असेल, तर ३०० चा डेल्टाही १०,००० च्या उलाढालीएवढा लांब दिसतो.

‘सेबी’च्या २०२४ मधील पाहणीनुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत शेअर्सच्या वायदे व ऑप्शन व्यवहारांत ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला. अशा ठिकाणी डोळ्यांना होणाऱ्या भासावर पैसे लावू नयेत. दोन दिवसांच्या पट्ट्यांची तुलना करायची, तर दोन्हींना एकच ठरावीक माप द्यावे आणि पट्टीवरचा आकडा वाचावा.