पळसाला पाने कुठली?

फाल्गुन लागला की पाय आपोआप रानाकडे वळतात. अशाच एका फेरीत माझी एक कविता खोटी ठरली. तिच्यात हिरव्या पानांआड पळस पेटला होता. जुन्नरजवळच्या उतारावर शेळ्या राखणाऱ्या मावशींना ती ऐकवली. त्या हसून म्हणाल्या, "भाऊ, फुलताना पळसाला पान कुठलं?"

खरेच होते. 'पळसाला पाने तीनच' ही म्हण पाठ होती. झाड नीट पाहिले नव्हते. उन्हे तापू लागली की पानगळीचे वृक्ष पाणी वाचवण्यासाठी पाने टाकतात. मग उघड्या फांद्यांवरची केशरी फुले मैनांना, बुलबुलांना लांबूनच दिसतात. पाखरे मकरंद पितात, पराग पोचवतात. पांगारा, काटेसावर यांचीही हीच रीत. कुसुंबाची लाली मात्र फुलांची नव्हे, कोवळ्या पालवीची! आणि कोकणात उतरलात तर पायाखालीही पाहा. भुईचाफा पानांआधी थेट मातीतूनच उमलतो, कंदातल्या शिदोरीवर.

कविता मी दुरुस्त केली. मंडळी, रानात जाल तेव्हा पेटती विडी टाकू नका. वणव्यात कोवळी रोपे आधी जळतात. आणि झाडाचे नाव तिथल्याच माणसाला विचारा.