झेडपीच्या शाळेला माल विकायचा आहे?

डिसेंबर 2024 मध्ये शालेय शिक्षण विभागाने आपलाच एक निर्णय मागे घेतला आणि इचलकरंजीच्या कापड दुकानापासून चंदगडच्या शिलाई मशीनपर्यंत अनेकांना त्यांचं जुनं गिऱ्हाईक परत मिळालं. ‘एक राज्य, एक गणवेश’ या धोरणात 2024-25 साठी कापडाची खरेदी राज्यपातळीवर झाली होती आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे गेली होती. शाळा सुरू होऊन महिने उलटले तरी अनेक मुलं जुन्याच कपड्यांत वर्गात बसत होती. ज्यांना गणवेश मिळाला त्यांतल्या काहींना तो मापाला बसेना. शेवटी 2025-26 पासून गणवेश घेण्याचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे सोपवलं गेलं. समग्र शिक्षा अभियानात दोन गणवेशांसाठी एका मुलामागे 600 रुपये धरलेले असतात.

या प्रकरणातून एक गोष्ट स्पष्ट होते. सरकारी शाळेला लागणाऱ्या वस्तूंचा निर्णय कधी मुंबईत होतो, कधी जिल्हा परिषदेत आणि कधी गावातल्या शाळेच्या ओसरीवर. कोणत्या वस्तूचा निर्णय कुठे होतो हे ज्या पुरवठादाराला ठाऊक नसतं, तो वर्षभर चुकीच्या दारात उभा राहतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात उत्तम बाक बनवणारे लोक आहेत, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींत पत्र्याचं काम करणारे आहेत, गडहिंग्लजला छापखाने आहेत. तरीही आपल्याच तालुक्यातल्या शाळेला माल देणं म्हणजे ओळखीपाळखीचा खेळ, अशी समजूत इथे घट्ट बसली आहे. ती मोडायला हवी, कारण जवळचा माणूस मागे हटला की त्याचा तोटा शेवटी शाळेलाच होतो.

कोल्हापूर जिल्ह्यात बारा तालुके आहेत. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांचा कारभार शिक्षणाधिकारी (प्राथमिक) पाहतात. त्यांच्या खाली तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, मग केंद्रप्रमुख आणि मग मुख्याध्यापक अशी उतरंड आहे. कोल्हापूर शहरातल्या महापालिकेच्या शाळा या उतरंडीत येत नाहीत. त्यांच्यासाठी महापालिकेची स्वतंत्र प्राथमिक शिक्षण समिती आहे. ज्या जरगनगरच्या शाळेत प्रवेशासाठी पालक रात्रीपासून रांग लावतात, ती शाळा याच समितीची. म्हणून शहरातल्या शाळेसाठी जिल्हा परिषदेत खेटे घालू नयेत. पाठ्यपुस्तकं बालभारतीकडून येतात आणि पोषण आहाराचा तांदूळ शासनाकडून, त्यामुळे तिथे स्थानिक दुकानदाराला फारसा वाव नाही. भाजीपाला मात्र बहुतेक ठिकाणी गावातूनच घेतला जातो.

छोट्या विक्रेत्याच्या खऱ्या उपयोगाचा पैसा म्हणजे संयुक्त शाळा अनुदान. ते पटावर ठरतं. 30 पर्यंत पट असेल तर वर्षाला 10 हजार, 100 पर्यंत 25 हजार, 250 पर्यंत 50 हजार आणि त्यापुढे हजारापर्यंत 75 हजार रुपये, असे समग्र शिक्षेचे दर आहेत. त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्चायचा असतो. आता राधानगरीच्या वाडीवरची 22 पटाची शाळा डोळ्यांपुढे आणा. 10 हजारांतले एक हजार साबण, फिनेल, झाडू यांत गेले. उरलेल्यात विजेचं बिल, खडू, रजिस्टरं, पावसाळ्यानंतरची किरकोळ डागडुजी. अशा शाळेला 40 हजारांचा प्रोजेक्टर दाखवायला जाणं म्हणजे दोघांचाही वेळ वाया घालवणं. तिला चारशे-पाचशे रुपयांत फळा पुन्हा रंगवून देणारा माणूस हवा असतो. क्रीडा साहित्यासाठी आणि ग्रंथालयासाठी वेगळं अनुदान आहे. प्राथमिक शाळेला खेळासाठी 5 हजार रुपये मिळू शकतात, आणि त्यात उडीच्या दोऱ्या, रिंग, लेझीम, फुटबॉल असं बरंच काही बसतं.

यापेक्षा मोठ्या वस्तूंचा, म्हणजे बाक, संगणक संच, पाणी शुद्ध करण्याचं यंत्र यांचा पैसा बहुतेक वेळा दुसरीकडून येतो. जिल्हा वार्षिक योजना, जिल्हा परिषदेचा स्वनिधी, ग्रामपंचायतीचा वित्त आयोगाचा निधी, आमदार निधी, कंपन्यांचा सामाजिक निधी आणि गावची लोकवर्गणी. प्रत्येकाची मंजुरीची वाट निराळी आहे. ग्रामपंचायतीच्या पैशातून शाळेला काही घ्यायचं तर ते आधी गावच्या विकास आराखड्यात असावं लागतं. तिथे मुख्याध्यापकांशी तासभर बोलूनही काही हलत नाही, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी बोलावं लागतं.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, आणि त्याच्या कलम 21 ने शाळा व्यवस्थापन समितीला जागा दिली. समितीत 75 टक्के पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असतात. मुख्याध्यापक सचिव असतात. कलम 22 प्रमाणे समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो. विक्रेत्यांनी सर्वांत आधी मागून वाचावा असा कागद हाच, आणि तो फारसं कुणी मागत नाही. कोणत्या वर्गाला बाक नाहीत, कुठलं छत गळतं, मुलींच्या स्वच्छतागृहाला दार आहे का, हे त्यात लिहिलेलं असतं. अनुदान यू-डायस या शाळांच्या माहिती प्रणालीत नोंदवलेल्या पटावर येतं आणि त्या नोंदणीसाठी 30 सप्टेंबरचा पट धरला जातो. म्हणून दिवाळीनंतर शाळेत गेलेला माणूस पुढच्या वर्षाचं बोलू शकतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कॅटलॉग घेऊन येणाऱ्याला मिळते ती घाईची, उरल्या पैशाची खरेदी. त्या खरेदीत वस्तूही घाईचीच असते.

जायची वेळही बघावी. दोन शिक्षकी शाळेत मुख्याध्यापक स्वतः दोन वर्ग सांभाळत असतात. सकाळी अकराला पुरवठादार आला की एक वर्ग पोरका होतो. त्यापेक्षा केंद्रप्रमुखांची परवानगी घेऊन महिन्याच्या शिक्षण परिषदेच्या दिवशी, काम संपल्यावर भेटलेलं बरं. तिथे केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक एकत्र येतात.

खरेदी ठरली की दरपत्रकं मागवली जातात. राज्याची खरेदी नियमावली 1 डिसेंबर 2016 ची. तिच्यात ठरावीक रकमेपर्यंत दरपत्रकं आणि त्यापुढे ई-निविदा अशी विभागणी आहे. ही मर्यादा मूळ निर्णयात 3 लाखांची होती. मर्यादा बदलतात, म्हणून ताजा शासन निर्णय कार्यालयात विचारून घ्यावा. इथे मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. एकाच दुकानदाराने स्वतःचं आणि आणखी दोन नावांचं अशी तीन दरपत्रकं आणून देण्याची रीत काही जण सोय म्हणून चालवतात. दर आपसांत ठरवून बोली लावणं हे 2002 च्या स्पर्धा कायद्यात बसत नाही, आणि लेखापरीक्षणात सापडलं तर वसुली शिक्षकाच्या पगारातून होऊ शकते. ज्याच्याशी वीस वर्षं धंदा करायचा त्याला या खाईत लोटू नये.

दरपत्रकात वस्तूचं मोजमाप लिहावं. ‘लोखंडी बाक, उत्तम दर्जा’ या शब्दांना काही अर्थ नाही. पाइपचा व्यास, पत्र्याची जाडी, फळीचा प्रकार, रंगाचे हात, किती वर्षांची हमी आणि पोहोच कुठपर्यंत, हे सगळं स्पष्ट हवं. गगनबावड्याच्या किंवा शाहूवाडीच्या पश्चिम भागात जुलैत टेम्पो शाळेच्या दारापर्यंत जाईलच असं नाही. तो खर्च दरात आधीच धरावा, मागून मागू नये. जीएसटीचा दरही तपासावा. 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, नकाशे यांच्यावर कर नाही. जुनं बिलबुक काढून त्यावर कर लावलेलं बिल परत येतं आणि पैसे लांबतात.

मोठ्या खरेदीसाठी राज्याचं महाटेंडर्स आणि केंद्र सरकारचं जेम हे दोन ऑनलाइन मार्ग. जेम 2016 मध्ये सुरू झालं. महाटेंडर्सवर डिजिटल स्वाक्षरी लागते. जेमवर उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला अनामत रकमेत सूट मिळू शकते. छोट्या कारखानदाराची खरी अडचण उलाढालीच्या अटीत असते. मागच्या तीन वर्षांत अमुक कोटींची उलाढाल असावी, असं निविदेत असलं की उद्यमनगरातलं वर्कशॉप दारातच अडतं. तेव्हा गप्प बसू नये. निविदापूर्व बैठक असेल तर तिथे, नसेल तर मुदतीच्या आत लेखी विचारावं, की शंभर बाकांसाठी ही अट कशाला? लेखी प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं आणि कधीकधी शुद्धिपत्रकही निघतं.

माल पोचला की शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला नोंद, मुख्याध्यापकांची पोहोच आणि समितीच्या ठरावाचा क्रमांक या तिन्ही गोष्टी बिलासोबत हव्यात. समग्र शिक्षेचे पैसे आता पीएफएमएस प्रणालीतून थेट पुरवठादाराच्या खात्यावर येतात. बिलावरचं नाव आणि बँकेतलं नाव एकच असावं. दुकान वडिलांच्या नावे आणि खातं मुलाच्या नावे असलं की बिल अडकतं. 31 मार्चला शाळेची न वापरलेली खर्चाची मर्यादा परत जाते, आणि बिल देणाऱ्याने उशीर केला असेल तर त्या वर्षाचा पैसाच राहत नाही.

शाळेकडून पैसे यायला उशीर झाला तर काय? 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्यात पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत देण्याचं बंधन आहे. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. हे संरक्षण उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे. 2021 पासून व्यापाऱ्यालाही उद्यम नोंदणी करता येते, पण तिचा फायदा बँकेच्या प्राधान्य कर्जापुरताच. म्हणजे स्वतः बाक बनवणारा परिषदेकडे जाऊ शकतो, दुसरीकडून बाक आणून विकणारा नाही. विकण्याआधीच आपण या दोघांतले कोण हे पाहून, किती दिवस पैसे अडकले तरी धंदा चालेल याचा हिशेब मांडून मगच दर लिहावा.