शंभर विद्यार्थ्यांत मुली किती?

स्वतंत्र भारताच्या शैक्षणिक प्रगतीचा हिशेब मांडताना शाळा किती वाढल्या, शिक्षक किती नेमले, अंदाजपत्रकात तरतूद किती झाली, हे आकडे मोठ्या हौसेने पुढे केले जातात. त्या मानाने एक साधा आकडा उपेक्षित राहतो. माध्यमिक व उच्च माध्यमिक वर्गांत बसलेल्या दर शंभर विद्यार्थ्यांत मुली किती, हा तो आकडा. केंद्रीय शिक्षण खात्याच्या आकडेवारीनुसार १९५०-५१ साली हे प्रमाण अवघे १३.३ टक्के होते. १९६०-६१ मध्ये ते २०.५, १९७०-७१ मध्ये २५, १९८०-८१ मध्ये २९.६, १९९०-९१ मध्ये ३२.९ आणि २०००-०१ मध्ये ३८.६ झाले. अलीकडच्या वर्षांत ते ४८ टक्क्यांच्या घरात आले आहे.

ही चढण सरळ नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात प्रमाण सात टक्क्यांहून अधिक वाढले. ज्या दशकात १९८६ चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले आणि स्त्रियांच्या समानतेची भाषा सरकारी कागदोपत्री रूढ झाली, त्या दशकात मात्र ते जेमतेम सव्वातीन टक्क्यांनी सरकले. धोरणाची फळे उशिरा मिळतात हे मान्य केले, तरी पहिला वेग का मंदावला याचे उत्तर त्यातून मिळत नाही. शहरांतील, शिकलेल्या घरांतील मुली आधी आल्या. ज्यांच्या घरात कोणीच हायस्कूल पाहिले नव्हते, त्यांच्यापर्यंत पोचण्याचे अवघड काम मागे उरले, हे त्याचे एक कारण दिसते.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ साली; परंतु मुलींचे हायस्कूल उभे राहण्यास १८८४ साल उजाडावे लागले. न्यायमूर्ती रानडे आदी सुधारकांच्या पुढाकाराने हुजूरपागेतील शाळा निघाली आणि पाठोपाठ तिच्या अभ्यासक्रमावर ‘केसरी’तून टीकेची झोड उठली. अकरा ते पाच शाळेत बसणारी मुलगी घरकाम केव्हा करणार, हाही त्या आक्षेपाचा एक भाग होता. हा प्रश्न आज उघडपणे कोणी विचारीत नाही. पाणी भरणे, धाकट्या भावंडास सांभाळणे, आई रानात गेल्यावर चूल पेटविणे ही कामे कोणाच्या वाट्याला येतात, एवढे पाहिले म्हणजे तो अद्याप निकालात निघालेला नाही हे कळते.

मुलगी गळते कोठे? १९९०-९१ चे आकडे या दृष्टीने बोलके आहेत. त्या वर्षी प्राथमिक शाळेत मुलींचे प्रमाण ४१.५ टक्के होते, माध्यमिक वर्गांत ३२.९, आणि उच्च शिक्षणात ३३.३. म्हणजे जी मुलगी माध्यमिक शाळेपर्यंत पोचली, ती पुढे मुलाच्या बरोबरीने टिकली. चाळणी होती ती त्याआधी. प्राथमिक शाळा गावात असते, हायस्कूल बहुधा मोठ्या गावी. ते तीन-चार कोसांचे अंतर मुलाच्या बाबतीत केवळ अंतर असते. वयात आलेल्या मुलीच्या बाबतीत ते गावाच्या तोंडी सापडण्याचे भय होते. बिहार सरकारने २००६ पासून नववीतील मुलींना सायकली दिल्या, तेव्हा मुलींच्या नोंदणीत मोठी वाढ झाली आणि ती विशेषतः शाळेपासून तीन किलोमीटर वा अधिक दूर असलेल्या गावांत झाली, असे अभ्यासकांना आढळले. महाराष्ट्रात ग्रामीण मुलींना मिळणाऱ्या एस. टी.च्या मोफत पासाचे महत्त्वही हेच. फी माफ करणे सोपे असते. बस वेळेवर सोडणे अवघड. शेवटची बस चुकल्यावर मुलीच्या शिक्षणाचा निर्णय पुष्कळदा त्याच रात्री घरात होऊन जातो.

आता ४८ टक्क्यांविषयी. पन्नासाला दोनच कमी, असे म्हणून समाधान मानण्याचा मोह कोणालाही होईल. परंतु मोजमापातच एक खोच आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८९४. म्हणजे त्या वयाच्या शंभर बालकांत मुली ४७ च. हीच पिढी मार्च २०२३ मध्ये दहावीच्या परीक्षेस बसली. नोंदणी झालेल्या सुमारे १५ लाख ७७ हजार विद्यार्थ्यांत मुली होत्या ७ लाख ३३ हजार, म्हणजे साडेशेहेचाळीस टक्के. जन्माला आलेल्या मुली जवळजवळ मुलग्यांच्या बरोबरीने दहावीपर्यंत पोचल्या, ही खरोखर मोठी कमाई आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. मात्र उरलेली तूट शाळेच्या दारात पडलेली नाही. ती बरीचशी जन्मापूर्वीच, सोनोग्राफीच्या खोलीत पडलेली आहे. शिक्षण खात्याच्या कोणत्याही योजनेस ती भरून काढता येणार नाही.

शिवाय प्रमाण म्हणजे सर्वस्व नव्हे. एकाच घरातील मुलगा तालुक्याच्या इंग्रजी शाळेत आणि मुलगी गावातील विनाशुल्क शाळेत, हे चित्र सर्वत्र दिसते. टक्केवारीत दोघांची नोंद सारखीच होते. शिक्षण हक्क कायदाही चौदाव्या वर्षी, आठवीपाशी, हात आवरतो. नेमक्या त्याच वयात मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाल्याचे दिसून आले.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांच्या घरांत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. तेथे नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादमाची उचल मिळते ती कोयत्यावर. आईबाप कारखान्यावर गेल्यावर तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला मागे ठेवायचे कोणाच्या भरवशावर, हा त्यांचा घोर. बरोबर न्यावी तर शाळा बुडते. लग्न लावून दिले तर काळजी मिटते आणि जावयाच्या घरी एक नवा कोयता तयार होतो. शाळांची पटसंख्या मोजण्याची तारीख अनेक वर्षे ३० सप्टेंबर अशी चालत आली आहे. गाड्या गावातून निघतात त्या दसरा-दिवाळीच्या सुमारास. तोवर मुलीचे नाव नववीच्या पटावर लागलेले असते आणि शंभरातील मुलींत तिची गणती झालेली असते.