धाब्याच्या घराची डागडुजी

धाब्याच्या घराची डागडुजी म्हणजे मातीच्या भिंती आणि मातीचे सपाट छत असलेल्या जुन्या घराची, त्याची मूळ रचना न मोडता, कमी खर्चात केलेली दुरुस्ती व सुशोभन होय. अशी घरे खानदेशात पूर्वी सर्रास बांधली जात. राज्याच्या इतर काही भागांत अशा छताला माळवद म्हणतात. जळगाव जिल्ह्यातील बोदवड आणि आसपासच्या खेड्यांच्या जुन्या गावठाणांत सिमेंटच्या इमारतींच्या जोडीने ही घरे अजूनही वापरात आहेत. घर पाडून नवे बांधणे परवडत नाही आणि जुने घर तर ओंगळ दिसते, अशा वेळी पुष्कळदा दर्शनी भिंतीला सिमेंटचा गिलावा करून त्यावर तैलरंग दिला जातो. मातीच्या भिंतीला मात्र हाच उपाय सर्वांत अपायकारक ठरतो.

रचना

या घराचा पाया व भिंतीचा खालचा भाग बहुधा काळ्या दगडाचा असतो. त्यावरील भिंत पांढऱ्या मातीची किंवा कच्च्या विटांची असून तिची जाडी दीड ते दोन फूट किंवा त्याहूनही अधिक असते. छताचा भार मुख्यतः लाकडी खांब व तुळया पेलतात. तुळयांवर कड्या, कड्यांवर लाकडी फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाल्याचा थर, मग चिखल आणि सर्वांत वर खारी माती अशी छताची घडण असते. खारी माती दाबून बसवली की तिच्यातून पाणी सहजासहजी झिरपत नाही. छताला किंचित उतार देऊन पाणी पन्हळीवाटे भिंतीपासून दूर सोडले जाते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या या प्रदेशात जाड माती दिवसा घरात उष्णता लवकर शिरू देत नाही.

आधी पाणी, मग रंग

घराच्या रूपाची बहुतेक दुखणी पाण्यापासून सुरू होतात. भिंतीवरचे ओघळ, फुगलेले पोपडे, तळाशी लागलेला लोणा यांचे मूळ छतात, पन्हळीत किंवा अंगणात असते. ते न शोधता दिलेला रंग एका पावसाळ्यात वाया जातो. पावसाळ्यापूर्वी छतावरील भेगा व उंदरांची बिळे बुजवून नवी खारी टाकण्याची रीत आहे. ही खारी टाकताना जुना सैल थर खरवडून काढणे आवश्यक असते, आणि नेमके तेच काम कष्टाचे असल्याने टाळले जाते. २०० चौरस फुटांच्या खोलीवर दोन इंच मातीचा थर चढवला, तर छतावर सुमारे दीड टन भार वाढतो. भिजलेल्या मातीचे वजन याहून अधिक. वर्षानुवर्षे थरावर थर चढलेले आणि कड्यांची टोके वाळवीने पोखरलेली धाबी पावसाच्या झडीत खचतात. झोपेतील माणसे ढिगाऱ्याखाली सापडण्याच्या दुर्घटना याच दिवसांत घडतात. म्हणून वाकलेली तुळई, नव्याने पडलेली तिरपी भेग किंवा भिंतीला आलेले पोट दिसल्यास सुशोभनाचा विचार बाजूला ठेवून आधी टेकू देणे व जाणत्या गवंड्याकडून किंवा अभियंत्याकडून पाहणी करून घेणे भाग असते.

पन्हळ भिंतीबाहेर हातभर काढणे, पावसाळ्यात छतावर उगवणारे गवत मुळासकट उपटणे आणि अंगणाचा उतार घरापासून दूर करणे या कामांना पैसे थोडेच लागतात. रस्त्याचे काँक्रीट थरावर थर होऊन जोत्याहून उंच झाले असल्यास पाणी दाराशी साचते. तेथे भिंतीलगत लहान चर काढावा लागतो. काळी माती भिजल्यावर फुगते आणि सुकल्यावर आकसते, त्यामुळे पायाशी मुरणारे पाणी भिंतीला भेगा पाडते.

भिंत व गिलावा

मातीची भिंत हवेतील व जमिनीतील ओल शोषते आणि पुन्हा बाहेर सोडते. सिमेंटचा गिलावा ही देवघेव बंद पाडतो. तो ताठ असल्याने मातीच्या हालचालीबरोबर तडकतो, तडीतून पाणी आत जाते आणि बाहेर येण्याची वाट उरत नाही. बाहेरून गुळगुळीत दिसणारे कवच शाबूत राहते. आतली माती मात्र मऊ होऊन खाली बसते. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील ‘कॉब’ या मातीच्या घरांनाही विसाव्या शतकात सिमेंटचा गिलावा करण्यात आला, आणि काही भिंती कोसळल्यानंतर तेथे पुन्हा चुन्याकडे वळण्यात आले. चांगली टोपी आणि चांगले जोडे असतील तर मातीचे घर टिकते, असे तिकडे म्हटले जाते. धाब्याच्या घराचे जोडे म्हणजे दगडी जोते. टोपी म्हणजे खारीचा थर.

मातीच्या गिलाव्यासाठी पांढरी माती, वाळू, गव्हाचा भुसा आणि शेण एकत्र भिजवून काही दिवस मुरवतात. नुसती काळी माती सुकताना फाटते, म्हणून ती वापरत नाहीत. भिंतीवरील सैल भाग झाडून, पाणी शिंपडून, हा गिलावा पातळ थरांनी चढवला जातो. आधीचा थर पुरता सुकण्याची घाई केली की पुढचा थर सुटतो. शेजाऱ्याशी समाईक भिंत असल्यास दोन्ही बाजूंचे काम एकाच हंगामात करणे सोयीचे, कारण एका बाजूने मुरणारी ओल दुसऱ्या बाजूची दुरुस्ती निरुपयोगी करते.

रंग

चुन्याची सफेदी हा सर्वांत स्वस्त व योग्य रंग होय. विरवलेला चुना गाळून, त्यात थोडा सरस किंवा डिंक मिसळून, ओलसर भिंतीवर दोन-तीन पातळ हात दिले जातात. सुकताना चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून कठीण होतो, तरी ओलीला वाट राहते. जाड हात दिल्यास भुकटी सुटते. नीळ घातल्यास पांढरा रंग उजळ दिसतो; पिवडी व गेरूने पिवळट आणि तांबूस छटा मिळतात. पांढरी भिंत, गेरूचा तळपट्टा आणि सारवलेला ओटा एवढ्यानेही घराचे दर्शनी रूप पालटते. ताजा चुना कातडी व डोळ्यांना भाजतो, म्हणून हातमोजे व चष्मा वापरणे इष्ट.

लाकूडकाम

जुन्या दारावरचे रंगाचे थर खरवडल्यावर खाली पुष्कळदा चांगले सागवान निघते. ते घासून, पुसून जवसाच्या तेलाचे पातळ हात दिल्यास रंगाची गरज राहत नाही. तेलाने माखलेल्या चिंध्या मात्र ढीग करून ठेवू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवतात किंवा पाण्यात बुडवून टाकतात.